उपोषणाच्या मांडवातली अडीचशेवी सही

जबाब
ठिकाण: पोलीस ठाणे, मार्कहॅम, प्रांत ऑन्टारिओ
दिनांक: शनिवार, २० सप्टेंबर २०२५. सुरुवात दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी.

माझे नाव प्रताप वसंतराव नाईकनवरे, वय ५६ वर्षे, धंदा शाळेची बस चालवणे, पूर्वीचा धंदा सातारा जिल्ह्यात पोलीस ठाण्यात लेखनिक हवालदार, राहणार मार्कहॅम. घरात मी व पत्नी शीला, वय ५४, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंग. मूलबाळ नाही. बेसमेंटमध्ये गेली तीन वर्षे एप्रिल ते सप्टेंबर ल्यूक कॉर्मिये, वय ३३, धंदा बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मूळ राहणार मॉन्क्टन, हा राहतो. मार्कहॅम हेरन्स हा क्लब आपल्या खेळाडूंना हॉटेलात न ठेवता गावातल्या कुटुंबांकडे ठेवतो. त्या पद्धतीने तो आमच्याकडे आला.

मी समक्ष हजर राहून, कोणाच्याही दबावाशिवाय, उपासाच्या दिवशी पण भरल्या पोटी जबाब लिहून देतो की,

मी एकोणीस वर्षे लोकांचे जबाब लिहिले. स्वतःचा हा पहिलाच. ड्यूटीवरील कॉन्स्टेबल अबोली शिरोडकर यांनी मला दिलेल्या फॉर्मवर 'काय घडले ते थोडक्यात लिहा' असे छापून सहा ओळी सोडल्या होत्या. सहा ओळींत आमच्याकडे सायकलचोरीसुद्धा मावत नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले. त्यांनी कोरे कागद दिले व मराठीत लिहिण्यास परवानगी दिली. भाषांतर सोमवारी होईल. कॉन्स्टेबल शिरोडकर या लहानपणी माझ्या पत्नीच्या रविवारच्या मराठी शाळेत होत्या. त्यांना मराठी सगळे समजते, उत्तर इंग्रजीत येते. त्यांनी मला एकदा 'काका' म्हटले. ठाण्यात नाते नको, 'जबाब देणार' म्हणावे, असे मी सुचवले. त्या म्हणाल्या, "ओके, काका."

तक्रारदार श्री. ग्रेग वेदरबी हे हेरन्सचे मॅनेजर आहेत. क्लब लहान असल्याने मैदानावर पिचर बदलणारा मॅनेजर आणि ऑफिसात कागदांवर सह्या करणारा मॅनेजर हे एकच गृहस्थ आहेत. हेरन म्हणजे बगळा. टीमच्या शर्टावर एका पायावर उभा असलेला, डोळे मिटलेला बगळा आहे. श्री. वेदरबी येण्याआधी त्या बगळ्याचे डोळे उघडे होते, असे श्री. दीनानाथ वर्तक यांचे म्हणणे आहे. मला खात्रीने सांगता येणार नाही.

सदर दीनानाथ वर्तक, वय ७८, निवृत्त इंजिनियर, १९७१ सालापासून या देशात, हे क्लबच्या स्थापनेपासूनचे सभासद. ते, आम्ही उभयता, सॉफ्टवेअरमधले देवदत्त फाटक, व आणखी तिघे, असे सात मराठी लोक सीझन तिकीट काढून एका रांगेत बसतो. सोबत चिवडा असतो. यावर आजवर कोणाची तक्रार नाही.

रविवार दिनांक १४ रोजी दुपारी दोन वाजता प्लेऑफचा तिसरा व निर्णायक सामना होता. सकाळी नऊ वाजता ल्यूकने आमच्या किचनमध्ये साबुदाण्याची खिचडी खाल्ली. दोन वर्षांपूर्वी एका एकादशीला घरात दुसरे काही शिजले नव्हते म्हणून त्याने ती खाल्ली होती व दुपारी सामना जिंकला होता. तेव्हापासून तो ज्या दिवशी पिचिंग करतो त्या दिवशी माझी पत्नी तिथी न बघता साबुदाणा भिजवते. त्यामुळे हंगामात आमच्या घरी महिन्याला पाच-सहा एकादश्या होतात.

त्या दिवशी ल्यूकने सहा इनिंगमध्ये एकही रन दिली नाही. आमची टीम एक रनने पुढे होती. सातव्या इनिंगमध्ये समोरचे दोघे बाद झाले होते, एक जण पहिल्या बेसवर होता, व पुढचा बॅटर डावखुरा होता. डावखुऱ्या बॅटरसमोर डावखुरा पिचर असावा, त्याचा चेंडू खेळायला त्याला जड जाते, हा या खेळातला बाराखडीचा नियम आहे. ल्यूक डावखुरा आहे. माझी पत्नी म्हणाली, "देवानं मांडून दिलंय." तेवढ्यात श्री. वेदरबी हातातला टॅब बघत मैदानात आले व त्यांनी ल्यूकच्या हातातून चेंडू काढून घेतला. डावखुऱ्याला काढून त्यांनी दुसरा डावखुरा आणला. संपूर्ण रांगेने एकमेकांकडे बघितले. चिवडा फिरायचा थांबला.

नवीन पिचरच्या दुसऱ्याच चेंडूवर होमरन गेली. दोन रन झाल्या. चेंडू कुंपणावरून पार्किंग लॉटमध्ये श्री. दीनानाथ यांच्या गाडीच्या मागील काचेवर पडला. काच फुटली. त्याबद्दल वेगळी तक्रार नाही. पुढे आमच्याकडून रन झाली नाही व आम्ही हरलो. श्री. वेदरबी पत्रकारांना म्हणाले की, प्रक्रियेवर विश्वास ठेवा. श्री. दीनानाथ गाडीतल्या काचा गोळा करत म्हणाले की, प्रक्रिया माझ्या मागच्या सीटवर पडली आहे, हवी असल्यास घेऊन जा.

सोमवार दिनांक १५ रोजी सकाळी ल्यूकला क्लबचे पत्र आले. त्यात त्याला मुक्त करण्यात येत आहे असे होते. 'मुक्त' हा शब्द आमच्याकडे चांगल्या अर्थाने वापरतात. इथे त्याचा अर्थ टीममधून काढले असा होतो. तो संध्याकाळी वर आला, बेसमेंटची चावी ओट्यावर ठेवली, फ्रेंचमध्ये आभार मानत "मेर्सी, शीलाताई" म्हणाला, व रविवारी एकवीस तारखेला सकाळच्या बसने मॉन्क्टनला जातो असे सांगून खाली गेला. पत्नीने भांडी घासली. नंतर ती चावी नेऊन त्याच्या दाराबाहेरच्या बुटात ठेवली. सकाळी चावी पुन्हा ओट्यावर होती. दुपारी पुन्हा बुटात. याबाबत दोघांत बोलणे झाल्याचे मला माहीत नाही.

मंगळवार दिनांक १६ रोजी संध्याकाळी आमच्या लिव्हिंग रूममध्ये सातही जणांची बैठक झाली. विषय: मॅनेजमेंटचा निषेध. देवदत्त फाटक यांनी सुरुवातीलाच सांगितले की, भावनेवर जाऊ नका, टॅबमध्ये पाच वर्षांचा डेटा असतो, डेटा चुकत नाही. त्यांना दुसऱ्यांदा चहा विचारण्यात आला नाही. मग त्यांनी ल्यूकचे पत्र वाचायला मागितले. ते बराच वेळ वाचत होते. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "काका, यात लिहिलंय, 'उजव्या हाताचा पिचर म्हणून तुम्ही केलेल्या सेवेबद्दल आभार.'"

सर्वांनी पत्र हातात घेऊन बघितले. तसेच होते. देवदत्त म्हणाले की, पत्र टॅबच्याच माहितीवरून छापले जाते. म्हणजे टॅबमध्ये ल्यूक उजव्या हाताचा आहे. म्हणून टॅबने सांगितले की समोर डावखुरा आला, उजवा काढा, डावा आणा. हा मनुष्य तीन वर्षे यांच्या डोळ्यांसमोर डाव्या हाताने चेंडू टाकतो आहे, असे माझी पत्नी म्हणाली. त्यावर देवदत्त म्हणाले की, टॅबमध्ये बघताना माणूस दिसत नाही. त्यांना चहा देण्यात आला.

ही चूक क्लबला कळवावी असे ठरले. त्याच बैठकीतून तीन ईमेल पाठवले. तिन्हींना 'तुमचा निरोप मिळाला, तो आमच्यासाठी मोलाचा आहे' अशी एकसारखी पोच अर्ध्या मिनिटात आली. बुधवारी सकाळी मी स्वतः क्लबच्या ऑफिसात निवेदन घेऊन गेलो. काउंटरवरील बाईंनी ते घेतले, पण आवक क्रमांक दिला नाही. आवक क्रमांक नसलेला कागद म्हणजे पाण्यात टाकलेले मीठ. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मला टीमचे स्टिकर दिले.

बैठकीत इतर मार्गांचाही विचार झाला होता, तो नमूद करतो, कारण तक्रारीत 'धमकावणे' असा शब्द आहे. पुतळा जाळण्याची सूचना आली. पण गॅरेजमध्ये स्मोक अलार्म आहे. घेरावाची सूचना आली. सात माणसांत घेराव पुरत नाही, आणि श्री. वेदरबी अंगानेही थोराड आहेत. एका गृहस्थांनी मॅनेजरला बांगड्यांचा आहेर पाठवावा असे सुचवले. माझी पत्नी म्हणाली, "बांगड्या घालून मी घर, नोकरी आणि तुमच्या चहाचे कप सांभाळते. त्याला कशाला देऊ? त्याला तेवढं जमणार आहे का?" सूचना मागे घेण्यात आली.

शेवटी श्री. दीनानाथ यांनी क्लबच्या घटनेची १९८८ सालची पुस्तिका काढली. तिच्या कलम अकरामध्ये असे आहे की, मॅनेजमेंटच्या कोणत्याही निर्णयाविरुद्ध पाच दिवसांत अडीचशे सभासदांनी सहीनिशी मागणी केल्यास सर्वांसमोर सभा घ्यावी लागते, व सभा होईपर्यंत तो निर्णय स्थगित राहतो. हे कलम त्या वेळी त्यांनीच आग्रहाने घालून घेतले होते. त्यांचे वडील दादरला हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी होते. सदतीस वर्षांत ते कलम कोणी वापरले नाही. पाच दिवस म्हणजे शनिवार, आजची तारीख, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. सभासद म्हणजे सीझन तिकीट घेणारा कोणीही, तसेच क्लबचे अधिकारी पदसिद्ध.

सह्या गोळा करायच्या तर लोक एका जागी यायला हवेत. म्हणून साखळी उपोषण ठरले. पितृपक्ष चालू आहे, नवीन कार्य काढावे का, अशी शंका निघाली. निषेध हे शुभकार्य नव्हे, सबब चालेल, असा निर्णय झाला.

बुधवार दिनांक १७ रोजी अकरा वाजता मैदानाच्या गेट क्रमांक दोनसमोर, फुटपाथवर, मी हिवाळ्यात गाडीवर घालतो तो कापडी मांडव उभा केला. त्या दिवशी एकादशीच होती. वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. श्री. दीनानाथ यांना मधुमेह असल्याने त्यांच्या उपोषणाची वेळ त्यांच्या डॉक्टरांनी अकरा ते साडेबारा अशी ठरवून दिली. मी आठवडाभर सकाळ-दुपारच्या बसफेऱ्या सांभाळून मधल्या वेळेत बसलो. कोणताही दरवाजा अडवला नाही. घोषणा दोनच होत्या, त्याही बसून.

आता मुख्य मुद्दा. तक्रारदारांचे म्हणणे की हे उपोषण नसून विनापरवाना खाद्यपदार्थांचा स्टॉल आहे, कारण उपोषण करणारे दिवसभर खात होते. यावर सांगतो की, आम्ही उपास करत होतो. उपासाला साबुदाणा चालतो. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळे, राजगिऱ्याचा लाडू, दही, केळे, खजूर चालतात. बटाटा चालतो. कांदा चालत नाही. पोळी, भात, ब्रेड चालत नाही. मांडवात चार दिवसांत कांद्याचा एकही कण आला नाही, हे शपथेवर सांगतो. या ठिकाणी कॉन्स्टेबल शिरोडकर यांनी विचारले की, मग उपाशी कोण होते. सांगतो की, उपाशी कोणी नव्हते. उपास सर्वांना होता. त्यांनी पेन खाली ठेवून मला त्यांच्या आईची आठवण येते असे इंग्रजीत सांगितले.

एक गोष्ट स्वतःहून कबूल करतो. शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमारास देवदत्त फाटक हे तिकीट खिडकीमागे हॉट डॉग खाताना मला आढळले. त्यांच्या पाळीची ती वेळ होती. म्हणजे पंधरा मिनिटे साखळी तुटली होती. तो वेळ मी त्यांच्या जागी बसून भरून काढला. त्यांना समज दिली. मोहरी उपासाला चालत नाही, हेही सांगितले.

खिचडीत दाण्याचे कूट असते. या देशात शेंगदाण्याची ॲलर्जी हा गंभीर विषय आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून मांडवात कोणीही घास घेण्याआधी त्याने कागदावर सही करावी अशी व्यवस्था केली. कागद मी तयार केला. वरती मोठ्या इंग्रजी अक्षरांत दोन वाक्ये होती. पहिले: या पदार्थात शेंगदाणे आहेत हे मला माहीत आहे. दुसरे: ल्यूक कॉर्मिये यास मुक्त करण्याच्या निर्णयावर कलम अकरानुसार सभा घ्यावी अशी माझी मागणी आहे. खाली अनुक्रमांक, नाव, सभासद क्रमांक, सही, वेळ. दोन वाक्यांसाठी दोन कागद का केले नाहीत, असे विचारल्यावरून सांगतो की, कागद वाचावा म्हणून. मजकूर एकाच पानावर, दोन्ही वाक्ये सारख्याच आकारात होती. बारीक अक्षर मी कधी वापरत नाही. माझा चष्मा जाड आहे.

बुधवार ते शुक्रवार सभासदांच्या एकूण ६१ सह्या झाल्या. ल्यूक या तीन दिवसांत मांडवात एकदाच, गुरुवारी, आला. माझ्या शेजारी दहा मिनिटे बसला. मी त्याला खिचडीचा डबा उघडून दिला. त्याने तो परत बंद केला व म्हणाला की, आज पिचिंग नाही. नंतर बाजूच्या पोरांनी मैदानात फेकलेला एक चेंडू आमच्या पायाशी आला, तो त्याने उचलून परत टाकला. डाव्या हाताने. हे सर्वांनी बघितले.

आज शनिवारी पुढील वर्षाच्या सीझन तिकिटांचे नूतनीकरण होते. दहा वाजल्यापासून सभासद येऊ लागले. पत्नीने पहाटे उठून आठ किलो साबुदाण्याची खिचडी करून शेजाऱ्यांच्या व आमच्या अशा दोन गाड्यांतून आणली होती. प्लेऑफच्या पराभवाबद्दल प्रत्येकाच्या पोटात काही ना काही होते. टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी मॅनेजरला उद्देशून जे शब्द वापरले ते मला समजले नाहीत. देवदत्त यांना समजले. ते लिहू नयेत असे त्यांनी सांगितले. बारा वाजेपर्यंत नूतनीकरणाच्या खिडकीसमोर चौदा माणसे होती व खिचडीच्या रांगेत नव्वद. काही जण खिडकीकडे जाता जाता आमच्या रांगेत आले व नूतनीकरण विसरून गेले. कोणाकडून पैसे घेतले नाहीत. एकाने 'टिप' ठेवली, ती त्याला परत केली.

एक वाजता देवदत्त यांनी सभासद क्रमांक तपासून सांगितले की, ग्राह्य सह्या २४९. एक कमी होती. त्या वेळी रांगेत उरलेले सगळे सभासद नसलेले पाहुणे होते. खिडकी साडेबारालाच बंद झाली होती. कढईत साधारण दोन प्लेट खिचडी होती. श्री. दीनानाथ यांनी फोनवरून सहा जुन्या सभासदांना विचारले. चार जण कॉटेजवर होते व दोन जण वारले होते.  पत्नी कढईची खरवड काढत होती.

एक वाजून दहा मिनिटांनी श्री. वेदरबी हे गेटमधून बाहेर आले. ते मोठ्याने म्हणाले की, याला उपोषण म्हणतात का, ही फसवणूक आहे, तुम्ही बटाटे खाता आहात. पत्नीने त्यांना बटाटा चालतो असे समजावून सांगितले. ते त्यांना पटले नाही. ते म्हणाले की, त्या खेळाडूला एवढे काय लागून गेले आहे ते मला बघू द्या तरी. पत्नीने प्लेट भरली, वर लिंबू ठेवले, व प्लेट त्यांच्याकडे न देता हातातच धरून ठेवली. म्हणाली, "पहिले सही. शेंगदाणे आहेत."

मी त्यांच्यापुढे कागद व पेन ठेवले. पेन देणे हा इथे गुन्हा आहे का, मला माहीत नाही. सातारा जिल्ह्यात नव्हता. मी त्यांना इंग्रजीत म्हणालो, "सर, कृपया वाचून सही करा." ते म्हणाले, हो हो. मी दुसऱ्यांदा म्हणालो, "दोन वाक्ये आहेत, दोन्ही वाचा." त्यांनी सभासद क्रमांकाच्या रकान्यात न विचारता '१' असे लिहिले. मी तिसऱ्यांदा म्हणालो. ही माझी जुनी सवय आहे. न वाचता केलेली सही मी तोवर कधी घेतली नव्हती, आमच्या ठाण्यात आलेल्या दारुड्यांनाही मी वाचून दाखवत असे. यावर श्री. वेदरबी जे म्हणाले त्याचा अर्थ शब्दशः असा: "दिवसाला चाळीस कागदांवर सह्या करतो मी. वाचत बसलो तर टीम कोण चालवणार?"

आणि त्यांनी सही केली. अनुक्रमांक सभासदांच्या हिशेबात २५०. वेळ १.१४. सही उजव्या हाताने केली. उजव्या हाताचे कोण आहे एवढे तरी त्या पानावर खरे नोंदले गेले.

त्यांनी संपूर्ण प्लेट खाल्ली. 'नॉट बॅड' म्हणाले. तेव्हा श्री. दीनानाथ यांनी टाळी वाजवली. ती वाजवायला नको होती, असे माझे मत आहे. श्री. वेदरबी यांनी टाळी कशाबद्दल असे विचारले. श्री. दीनानाथ यांनी पुस्तिकेचे कलम अकरा वाचून दाखवले. चष्मा लावून, संपूर्ण. त्यानंतर पोलिसांना फोन करण्यात आला. फोन श्री. वेदरबी यांनी केला. पोलीस येईपर्यंत आम्ही मांडव झाडला, कचऱ्याच्या पिशव्या बांधल्या व शेवटची प्लेट झाकून ठेवली.

ठाण्यावर आल्यावर कॉन्स्टेबल शिरोडकर यांनी मला थेट विचारले की, आपण कशावर सही करतो आहोत हे श्री. वेदरबी यांना माहीत होते का. मी हा प्रश्न एकोणीस वर्षे दुसऱ्यांना विचारला आहे. त्याचे उत्तर देताना लोक छताकडे बघतात, हे मला माहीत आहे. मी छताकडे बघितले नाही. माझ्या उत्तराने सही पडली तर २४९ उरतात आणि उद्या सकाळची बस आहे, हेही मला माहीत होते. सांगतो की, नाही. माझ्या मते त्यांना माहीत नव्हते. कागदावर स्पष्ट लिहिले होते, मी तीनदा सांगितले होते, पण त्यांनी वाचले नाही. ल्यूकला मुक्त करणाऱ्या पत्रावर सही करताना त्यात कोणता हात लिहिला आहे हेही त्यांना माहीत नव्हते. ती सही मात्र धरली गेली. एक न वाचलेली सही चालते आणि दुसरी चालत नाही, असा काही नियम असल्यास मला दाखवावा, मी वाचीन.

कॉन्स्टेबल शिरोडकर या बाहेर गेल्या. बाहेरच्या बाकावर श्री. वेदरबी बसले होते. काचेतून आवाज येत होता. ते म्हणत होते की, तो कागद आत्ताच्या आत्ता माझ्या ऑफिसला पाठवा, मला वकिलाला दाखवायचा आहे. कॉन्स्टेबल यांनी त्यांना तशी लेखी मागणी करायला सांगितले. त्यांनी केली. त्यावरून सदर सह्यांच्या कागदांच्या सर्व पानांची प्रत ठाण्याच्या ईमेलवरून क्लबच्या अधिकृत पत्त्यावर ४ वाजून ३१ मिनिटांनी गेली. ४ वाजून ३१ मिनिटांनीच 'तुमचा निरोप मिळाला, तो आमच्यासाठी मोलाचा आहे' अशी पोच आली. ती माझ्या विनंतीवरून छापून या जबाबास जोडली आहे. मुदत पाच वाजता संपत होती, म्हणजे मागणी मुदतीत क्लबला पोहोचली. मंगळवारी आम्हांला याच पोचेचा राग आला होता. तो राग मी मागे घेतो.

त्यानंतर कॉन्स्टेबल यांनी श्री. वेदरबी यांची तक्रार टाइप करून त्यांच्यासमोर ठेवली. त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, "काका, तुम्ही ऐकत नाही आहात." मी ऐकत नव्हतो. त्या तक्रारीत, श्री. वेदरबी यांनी स्वतःच सांगितल्याप्रमाणे, असे वाक्य होते की, मी स्वखुशीने सही केली व खिचडी खाल्ली. कॉन्स्टेबल यांनी त्यांना शांतपणे सांगितले की, प्लीज, सही करण्याआधी नीट वाचून घ्या, काही बदलायचे असेल तर आत्ता सांगा. श्री. वेदरबी यांनी घड्याळ बघितले व विचारले की, सही कुठे करायची.

कॉन्स्टेबल यांनी बोट ठेवून जागा दाखवली.

पत्नी ठाण्याच्या बाहेर गाडीत बसून आहे. तिच्या मांडीवर झाकलेली प्लेट आहे. तिला अद्याप काही सांगितलेले नाही. कॉन्स्टेबल यांनी मला एक फोन करण्याची परवानगी दिली. मी तो पत्नीला न करता घरच्या बेसमेंटच्या नंबरावर केला. ल्यूकला सांगितले की, सभा होईपर्यंत तुझे मुक्त होणे थांबले आहे, क्लबच्या नियमाने तू अजून हेरन्सचा पिचर आहेस, आणि सभेत काय होईल ते मी आज सांगू शकत नाही.  मग त्याने विचारले की, बूट दारात आहेत, त्यात चावी आहे, ती कोणी ठेवली. मी म्हणालो, मला माहीत नाही. या जबाबातले तेवढे एक विधान खोटे आहे, व ते ठाण्याबाहेरच्या माणसाला केलेले असल्याने येथे ग्राह्य धरू नये.

सोमवारपासून नवरात्र आहे. आमच्या ओळखीत अकरा जणांचे नऊ दिवसांचे उपास आहेत. हे केवळ माहितीसाठी.

माझा हा जबाब मी स्वतः लिहिला. लिहून झाल्यावर स्वतः मोठ्याने वाचला. कॉन्स्टेबल अबोली शिरोडकर यांनी तो ऐकला व दोन ठिकाणी हसल्या, त्या जागा बदललेल्या नाहीत. त्यानंतर मी तो पुन्हा एकदा मनात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, चष्मा पुसून वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. वाचून, मगच सही केली.

समक्ष:
अबोली शिरोडकर, कॉन्स्टेबल

प्रताप वसंतराव नाईकनवरे
वेळ ४.५२